किरकोळ कामाची सायकल

नाही, पण मी म्हणते, हा 'किरकोळ' शब्द पहिल्यांदा काढला कुणी? मला त्याचा पत्ता द्या. मी आत्ता जाते, सायकलवरच जाते, आणि विचारते त्याला, का रे बाबा, आम्ही तुझं काय घोडं मारलं होतं? अहो, हसताय काय! तुम्हाला सांगते, ज्याला काम करायचंच नसतं ना, तो म्हणतो 'बघू', आणि ज्याला कामाचं वाटोळं करायचं असतं तो म्हणतो 'किरकोळ काम आहे हो!' बघू म्हणणारा परवडला. तो निदान वस्तूला हात तरी लावत नाही!

आता मला सांगा, पन्नाशी उलटलेल्या बाईला सायकलची हौस असते का? जिना उतरताना माझे गुडघे कटाकटा बोलतात, मला काय शर्यती जिंकायच्यात? मला फक्त माझ्या आईच्या डोळ्यात औषध घालायचं होतं. एक थेंब. दुपारी एक वाजता. बस्स! एवढ्यासाठी मी काय काय सोसलं ते ऐका, आणि मग हसा.

नीट सांगते, नाहीतर म्हणाल डोळ्याचा आणि सायकलचा काय संबंध. तर आईचा डावा डोळा काचबिंदूनं सात वर्षांपूर्वीच गेला. उरला उजवा. त्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, एक महिना औषध, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे चालेल, त्यापुढे नाही. आणि मग चष्मा पुसत पुसत म्हणतात कसे, "बाई, हा एकच आहे. हा गेला तर माझ्याकडे द्यायला दुसरा नाही." असं तोंडावर! त्या दिवसापासून मला झोपेतसुद्धा एक वाजलेला दिसायचा.

सकाळचं दादा घालणार, संध्याकाळचं वहिनी घालणार, दोघंही नऊला बाहेर पडतात ते सहाला परततात. आणि दुपारचं? सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. का? तर म्हणे, "तुझा छापखाना किती जवळ आहे!" जवळ! नदीच्या अलीकडे छापखाना, पलीकडे आई, आणि मधला पूल दुरुस्तीला काढलेला. बस बंद, रिक्षा बंद, सगळं बंद. एका कडेनं पायी माणसं आणि सायकली तेवढ्या सोडतात. गाडीनं जायचं तर दुसऱ्या पुलावरून वळसा, नुसतं जायलाच पाऊण तास. चालत अर्धा तास. आणि माझी जेवणाची सुट्टी किती? पावणेएक ते दीड!

तुम्ही म्हणाल, आईला स्वतःला नाही का घालता येत? मीही तेच विचारलं. तर उशीवर डोकं टेकवून, हा एवढासा आवाज काढून म्हणते, "हात कापतो गं माझा. बाटलीचं टोक डोळ्यात गेलं म्हणजे?" झालं. मी म्हटलं, येईन मी, आकाश कोसळलं तरी येईन. आकाश नाही कोसळलं. बाकीचं सगळं कोसळलं.

आमचं काम काय, ते सांगायला हवं. छापखान्यात मी बांधणी खात्यात. छापून आलेल्या कागदाच्या घड्या क्रमानं लावायच्या, एक ते सोळा, सतरा ते बत्तीस, असं करत पुस्तक जुळवायचं. एक घडी इकडची तिकडे झाली की गोष्टीत मेलेला माणूस पुढच्या पानावर चहा पीत बसतो. त्यामुळे आमचे साहेब फार कडक. दीड म्हणजे दीड. दीड वाजून दोन मिनिटं झाली की नावापुढे लाल फुली. अशा पाच फुल्या झाल्या की रवानगी गोदामात, रद्दीचे गठ्ठे बांधायला. चोवीस वर्षं घड्या लावतेय मी, माझी बोटं डोळे मिटून पानं ओळखतात, आणि मी गठ्ठे बांधू?

म्हणून सायकल. सायकलनं बारा मिनिटं. आणि नेमकी आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची सायकल जिन्याखाली नऊ वर्षं पडून होती. मास्तर शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ती तिथं उभी केली, त्यानंतर तिला हात लावला तो कोळ्यांनी. मी विचारलं, मास्तर, चालते का? मास्तर दुखावले. "चालते का? अहो, वर्गात मुलगा एक वेळ चुकेल, ही चुकली नाही कधी! किरकोळ काम आहे. हवा भरा आणि निघा."

भरली हवा! पुढच्या चाकानं ती घेतली आणि धडाम्! जिन्यावरून चार घरांची माणसं खाली आली. मी हँडल धरायला गेले तर हँडल उजवीकडे आणि चाक सरळ. सीटवर टेकले तर सीट मागे कलली, मी आभाळाकडे बघतेय. आणि मागचं मडगार्ड हळूच, अगदी अदबीनं, माझ्या पायावर पडलं. मास्तर वरून कठड्यावरून वाकून बघत होते. म्हणतात, "बाकी उत्तम आहे ना?"

बाकी काय राहिलं होतं हो? घंटी!

बरं, इथपर्यंतही ठीक. मी म्हटलं, सायकलवाल्याकडे नेते. पण आमच्या घरातून कुठलीही मोडकी वस्तू सुखासुखी दुकानात गेलीय असं आजवर झालेलं नाही. आमचे हे आडवे आले. "दुकानात कशाला? किरकोळ काम! मी कॉलेजात असताना आख्खी सायकल खोलून जोडायचो." तुम्हाला सांगते, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्या माणसानं कॉलेजात काय काय केलं त्याची यादी वाढतेच आहे. अभ्यास तेवढा केल्याचं अजून ऐकलं नाही.

तर रविवारी सकाळी आमच्या बेडरूममध्ये, माझ्या चांगल्या चादरीवर, सायकल उलटी. ह्यांच्या तोंडात एक पान्हा, हातात एक पान्हा. खोलायचं काम मात्र झरझर झालं हो, खोटं कशाला बोलू! पेडल निघालं, चेन निघाली, मग मधला आस काढला आणि आतून छर्रे. बेअरिंगचे छर्रे हो, वाटाण्याएवढे. ते काय चादरीवर थांबतात? कपाटाखाली, पलंगाखाली, एक तर पार स्वयंपाकघरात. मी केरसुणी घेऊन पालथी पडलेय आणि हे उभे राहून सूचना देतायत, "डावीकडे बघ... तुझ्या डावीकडे नाही गं, माझ्या डावीकडे!"

जोडायला संध्याकाळ झाली. जोडून उभी केली आणि बघते तर चादरीवर दोन छर्रे शिल्लक. म्हटलं, हे काय? हे शांतपणे म्हणतात, "जास्तीचेच देतात ते." कोण देतं जास्तीचं? ह्या जगात कुणी कुणाला जास्तीचं काही दिलंय? पेडल मारलं तर आतून दळण दळल्यासारखा आवाज. पाच पावलं गेले आणि चेन खाली. हे म्हणाले, "बघ, किरकोळच राहिलंय आता."

इकडे मी रोज चालत जात होते. चालत कसली, पळत! पावणेएकला उठायचं, डबा टेबलावर तसाच, पुलावरून धापा टाकत सव्वाएकला आईकडे. हात धुवायचे, थेंब घालायचा, "आई, डोळा मिटून पड" म्हणायचं आणि उलट्या पावली परत. धड जेवण नाही, धड श्वास नाही, आणि जागेवर पोचले की पावणेदोन. साहेब नुसतं लाल पेन उघडायचे. त्या टोपणाचा टक् आवाज अजून माझ्या डोक्यात आहे. एक फुली, दोन फुल्या, तीन फुल्या.

शेवटी मीच सायकल ढकलत सायकलवाल्याकडे नेली. हा माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही. बघतो फक्त चाकाकडे. त्यानं चाक एकदा फिरवलं, थांबवलं, आणि चाकालाच सांगितलं, "किरकोळ काम आहे. संध्याकाळी या."

मी संध्याकाळी गेले. म्हणाला, उद्या. उद्या गेले. म्हणाला, संध्याकाळी. संध्याकाळी गेले तर दुकानात माझी सायकलच नाही! म्हटलं, अहो, सायकल कुठाय माझी? तो मान वर न करता बोट दाखवायला लागला. "ही काय... आणि ती... आणि ते वर टांगलंय ते." माझी सायकल तीन ठिकाणी होती हो! हँडल खिळ्याला, चाकं छताला आणि सांगाडा दुसऱ्याच कुणाच्या तरी सायकलीखाली टेकू म्हणून लावलेला! मी म्हटलं, किरकोळ काम होतं ना? तर म्हणतो, "किरकोळच आहे. पण मधे छर्रे कुणी भरले? ज्यानं भरले त्याला आधी इकडे आणा." आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी म्हटलं, कुणी भरले कोण जाणे, जुनीच आहे.

त्या दिवशी चौथी फुली पडली. म्हणजे आता एकच उरली. आईचा एक डोळा, माझी एक फुली. मी दुकानाच्या दारात स्टूल घेऊन बसले. सांगितलं, आता चाकं खाली येईपर्यंत मी उठणार नाही. सायकलवाल्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि काय दिसलं कोण जाणे, दीड तासात सायकल तयार! नवे टायर, नव्या ट्यूब, चाकांचा आऊट, म्हणजे डुगडुगणं, काढलेलं, आणि ब्रेकला नवे कोरे रबर.

मग चालवायची आली. सगळे सांगतात, सायकल एकदा आली की माणूस विसरत नाही. माणूस नसेल विसरत, गुडघे विसरतात! पहिल्या दिवशी मी गल्लीत अशी चालले की समोरून येणारी माणसं आपणहून पायऱ्यांवर चढून उभी राहिली. पण दुसऱ्या दिवशी, तुम्हाला सांगते, पुलावर चढ संपला आणि उतार लागला... खाली नदी, तोंडावर वारा, मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, आणि मी पेडल न मारता जातेय! खरं सांगू? मला हसू आलं. एकटीच हसले मोठ्यानं. कित्येक वर्षांत मी कुठल्या कामाला जाताना हसले नव्हते.

बारा मिनिटं! घड्याळ लावून बारा मिनिटं! एकला तीन कमी असताना मी आईच्या दारात. थेंब घालून, वर पाच मिनिटं तिच्या पलंगावर बसून, एक वाजून बावीसला जागेवर. साहेबांच्या पेनचं टोपण मिटलेलं. मी दोन घास जेवूनसुद्धा घ्यायचे.

फक्त एक होतं. ब्रेक ओरडायचे. नवे रबर, जुनी रिम, ब्रेक दाबला की अशी किंकाळी फुटायची की झोपलेली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जाऊन झोपायची. पण थांबायची हो जागच्या जागी! आणि आईला तर तो आवाज आवडायचा. म्हणायची, "तू कोपऱ्यावर आलीस की कळतं मला. मी लगेच उशी नीट करून पडते." म्हटलं, ओरडू दे बापडी. थांबतेय ना, मग झालं तर!

पण आमच्या घरात सासरे आहेत. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. बाबांनी कारखान्यात चौतीस वर्षं काय काम केलं? मशीनना तेल घालायचं. सकाळी बुधली घेऊन निघायचं, दोनशे मशीन, प्रत्येकाच्या कानात थेंब थेंब. निवृत्त झाले तेव्हा बाकीच्यांनी घड्याळ घेतलं, शाल घेतली, बाबा ती बुधली घेऊन घरी आले. तेव्हापासून आमच्या घरात काही वाजत नाही. दार वाजत नाही, कपाट वाजत नाही, शिलाई मशीन तर चालू आहे की बंद तेही कळत नाही. पंख्यात त्यांनी इतकं तेल घातलंय की उन्हाळ्यात उशीवर ठिबकतं! त्यांचं एकच तत्त्वज्ञान, "सूनबाई, वस्तू कुरकुरली की समजायचं, ती तेल मागतेय." शेजारी बसून हाक मारली तर ऐकू येत नाही, पण तिसऱ्या घरातली बिजागरी कुरकुरली की हे उठून बसतात.

मग ही किंकाळी त्यांना सहन होणार? पंधरा दिवस ऐकली म्हातारबाबांनी, आणि सोळाव्या दिवशी, मी सकाळी आंघोळीला गेलेली बघून खाली उतरले. बुधली घेऊन. ब्रेकच्या चारही रबरांना आणि दोन्ही रिमना, चाक फिरवत फिरवत, सगळ्या बाजूंनी सारखं... ब्रेकला तेल! तुम्ही कधी ऐकलंय? चुलीत पाणी ओतण्यातलाच प्रकार! आणि वर आल्यावर सांगायचं तरी! पण नाही. सुनेला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना त्यांना!

दिला. चांगला दिला.

सकाळी घर ते छापखाना सपाट रस्ता, मी पाय टेकवूनच थांबले, काही कळलंच नाही. उलट खूश होते, काय गुळगुळीत चालतेय म्हणून! पावणेएकला निघाले. पूल चढले, उतार लागला, वारा लागला, खाली वळणाआधी नेहमीच्या जागी ब्रेक दाबला. शांतता. पुन्हा दाबला. शांतता! मी दोन्ही हातांनी ब्रेक आवळतेय आणि चाक लोण्यातून फिरल्यासारखं फिरतंय. घंटी मात्र वाजत होती, ती मी वाजवत होते, वेड्यासारखी! माणसं बाजूला झाली. वळण आलं. मी नाही वळले. समोर आडवी फळी, फळीवर लाल फडकं, आणि फळीच्या पलीकडे त्याच सकाळी ओतलेलं, माणसांनी थापीनं आरशासारखं सपाट केलेलं, ओलं सिमेंट!

फळीसकट आत गेले. आवाज कसा आला सांगू? काहीच नाही. बुळुक्! बस्स. सायकल थांबली. स्टँड न लावता उभी! आणि मी सीटवर तशीच, दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत सिमेंटात, एक हात अजून घंटीवर.

मुकादम धावत आला. चेहरा लालेलाल. "ओ बाई! फळी लावली होती, दिसली नाही का?" मी म्हटलं, दिसली! फळी दिसली, फडकं दिसलं, तुमची सगळी माणसं दिसली! "मग थांबला का नाहीत?" ह्यावर तुम्हीच सांगा मी काय उत्तर देणार? माझ्या सासऱ्यांना आवाज सहन होत नाही म्हणून? त्यांनी सहा माणसं लावून मला उचललं, मग सायकल उपसली, आणि त्यातला एक जण माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "किरकोळ आहे हो, वाळायच्या आत धुतलं की निघतं." मी त्याला काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

आणि एवढ्यात माझं लक्ष मनगटाकडे गेलं. एक वाजून पाच मिनिटं! सायकल तिथंच टाकली आणि पळत सुटले. सिमेंटानं जड झालेले पाय, गुडघा फुटलेला, रस्ताभर करडे ठसे, आणि डोक्यात एकच, हा एकच आहे, हा गेला तर दुसरा नाही, हा गेला तर दुसरा नाही. रडत पळत होते हो. पन्नाशीची बाई, भर दुपारी, भर रस्त्यात. तिचा डोळा गेला तर तो माझ्यामुळे जाणार, आमच्या घरातल्या बुधलीमुळे जाणार, एवढंच सुचत होतं. पोचले तेव्हा एक पंचवीस झाले होते.

दार ढकललं. आई पलंगावर उताणी पडलेली, उजवा डोळा मिटलेला, गालावर औषधाचा ओघळ. मी किंचाळले, "आई!" तर तिनं डोळा न उघडता एक बोट वर केलं. "थांब. बोलू नकोस. डॉक्टरांनी निवांत पडायला सांगितलंय."

मी तशीच उभी. फरशीवर सिमेंट ठिबकतंय. मग डोळा किलकिला करून ती म्हणते, "रेडिओवर बातम्या लागल्या. तुझ्या ब्रेकचा आवाज नाही. बातम्या संपल्या, तरी नाही. मग घातलं मीच."

"तूच? तुझा हात कापतो ना?"

"कापतो की! पण बाटली कपाळाला टेकवली की कापत नाही. त्यात काय एवढं? किरकोळ काम."

किरकोळ काम! माझ्या आईनं! मला वाटलं आता ह्या फरशीवरच बसावं आणि सिमेंट वाळू द्यावं. मी विचारलं, आई, हे तुला कधीपासून येतं? तर छताकडे बघत, अगदी सहज, "दुसऱ्या दिवसापासून." दुसऱ्या दिवसापासून! म्हणजे मी पुलावरून पळत होते, उपाशी राहत होते, चार फुल्या खाल्ल्या, छर्रे वेचले, सिमेंटात गेले... मी ओरडले हो! आईवर ओरडले, खोटं बोलणार नाही. म्हटलं, तोंड नव्हतं का तुला? सांगायचं नाहीस? एका शब्दानं सांगितलं असतंस तर!

ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

मग ती म्हणाली, "गेल्या वर्षी दोनदा आलीस. एकदा मिक्सर परत द्यायला, आणि एकदा पावसात अडकलीस म्हणून." तुम्हाला सांगते, मी तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होते, छापखान्याचं, घरचं, बसचं... आणि मिटलं. मला राग आला होता, भयंकर आला होता, पण तो ठेवायला जागाच सापडेना. तिनं मला गुडघा धुवायला पाणी दिलं. मी तिच्या मोरीत पाय घासत बसले आणि ती बाहेरून विचारत होती, "अगं, पण आज आवाज का नाही आला ब्रेकचा?"

पाचवी फुली? पडायचीच होती! मी पावणेतीनला पोचले. साहेबांनी टोपण उघडलं, मग माझ्या पायांकडे बघितलं, आणि का कोण जाणे, परत लावलं. फक्त म्हणाले, "आज घड्या नका लावू." बरं झालं म्हणाले, नाहीतर त्या दिवशी मी पुस्तक शेवटापासून सुरू केलं असतं.

संध्याकाळी पुलावरून सायकल ढकलत घरी आणली. बाबा दारातच, चेहरा फुललेला. "काय सूनबाई, गेला की नाही आवाज?" आता ह्या माणसाला काय बोलायचं? पण बोलले! जे तोंडाला आलं ते बोलले. बाबा ऐकत होते, ऐकू किती आलं देव जाणे, शेवटी खाली मान घालून म्हणाले, "चौतीस वर्षांत थांबायच्या वस्तूला कधी तेल घातलं नव्हतं गं. सगळ्या फिरायच्याच होत्या." मग मलाच कसंतरी झालं. बुधली मात्र मी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. आता ते कुलूप फार सुरेख फिरतं, खोबरेलाची बाटली बाहेरच राहिली होती!

आणि सायकल? हे पान्हा घेऊन पुढे आले, "किरकोळ..." एवढंच म्हणाले, मी नुसतं बघितलं, परत गेले. सायकलवाल्याकडे नाही, ह्यांच्याकडे नाही, मास्तरांकडे नाही, मीच बसले. छिन्नीनं सिमेंट काढलं, रिम साबणानं तीनदा घासली, रबरावर पॉलिश पेपर मारला. चार तास लागले, बोटं सोलली, आणि एकदाही, ऐका, एकदाही मी त्या कामाला किरकोळ म्हटलं नाही! ब्रेक दाबला. किंकाळी! काय बरं वाटलं म्हणून सांगू.

महिना झाला, औषध बंद झालं. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे, आता दुपारी धावपळ करायची गरज नाही. मी म्हटलं, सुटले! आई काही बोलली नाही. मुळीच काही बोलली नाही. म्हणून मग मी रोज जाते. अजूनही. पावणेएकला उठते, पूल, उतार, किंकाळी, बारा मिनिटं, तिच्या पलंगावर बसून डबा खाते आणि परत. आणि तुम्हाला वाटेल, चला, आता थेंबाची घाई नाही, सावकाश जात असेल बिचारी, पाच मिनिटं पुढेमागे झाली तर कोण विचारतंय! अहो, कसलं सावकाश! आता तिला पलंगावरून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं. सेकंदकाट्यासकट!